बेहड्याच्या पुढचे साडेसहा मैल

कोरेपल्ली, मार्गे अहेरी
१४ नोव्हेंबर १९५४

ती. शकुबाई,
धाकट्या भावाचा, देवाजीचा नमस्कार.

तुझं कार्ड काल पोचलं. मांजरीने धान्याच्या कोठीत पिल्लं घातली, शेजारणीचा डोळा बरा झाला, शाळेत नवा फळा आला, सगळं कळलं. जे विचारलं होतं तेवढंच कळलं नाही. मॅट्रिकचा फॉर्म भरलास का? येत्या जूनपर्यंत जी मास्तरीण मॅट्रिक होणार नाही तिला शाळेत ठेवता येणार नाही, असं हेडबाईंनी लेखी दिलं आहे, हे तूच मला दसऱ्याला सांगितलंस. सोळा वर्षं पहिलीच्या पोरींचे हात धरून तू ग म भ न गिरवून घेतलंस. त्या शाळेवर तुझं पोट आहे आणि, मला माहीत आहे, तुझा जीवही. शेवटची तारीख एकतीस जानेवारी. मी दर पत्रात विचारणार आहे, कंटाळलीस तरी.

आता इकडची बातमी. मी एका माणसाच्या पायांच्या प्रेमात पडलो आहे. हसू नकोस.

तुझी पत्रं माझ्यापर्यंत कशी येतात याचा मी दोन वर्षांत कधी विचारच केला नव्हता. अहेरीहून इथवर तेरा मैल रान आहे, मोटार येत नाही. डाक पायी येते. पहिले साडेसहा मैल दसरू नावाचा हरकारा थैली खांद्यावर टाकून पळत आणतो. मध्ये एक प्रचंड बेहड्याचं झाड आहे. तिथून पुढचे साडेसहा मैल आमच्या गावचा जंगू पळतो. परवा कार्तिकी पौर्णिमेची सुट्टी होती म्हणून मी जंगूबरोबर चालत बेहड्यापर्यंत गेलो. रान अगदी गप्प होतं. मग फार लांबून घुंगरं ऐकू आली. हरकाऱ्याच्या काठीला घुंगरं बांधलेली असतात, जनावरांना कळावं म्हणून. तो आवाज एका लयीत जवळ येत गेला, आणि वळणावरून एक काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस निघाला. बाई, त्याचे पाय जमिनीला लागत होते की नाही, मला सांगता येणार नाही. दम लागलेला नव्हता. थैली जंगूला दिली, परतीची थैली घेतली, चिमूटभर तंबाखू दोघांनी वाटून घेतली आणि दोघे दोन दिशांना गेले.

अठरा वर्षं हे चाललं आहे. मी घरी येऊन हिशेब केला. रोजचे तेरा मैल, वर्षाचे तीनशे दिवस, अठरा वर्षं. सत्तर हजार मैल होतात! म्हणजे हा माणूस पृथ्वीला जवळपास तीन प्रदक्षिणा घालून बसला आहे, आणि कुणाला पत्ता नाही. हिशेब तपासू नकोस, तुला गणिताचा राग आहे.

आणि सगळ्यात नवल पुढेच आहे. दसरूने बेहड्याच्या पुढे एकदाही पाऊल टाकलेलं नाही. जंगू बाजाराला अहेरीला जातो, पण दसरूने जंगूचं गाव पाहिलेलं नाही.

सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. विकास योजनेच्या साहेबांनी त्या दिवशी अहेरी ते कोरेपल्ली तेरा मैलांची शर्यत ठेवली आहे. दसरू आणि जंगू दोघांची नावं मी दिली. पहिला कोण येणार हे तू ओळखलंच असशील.

तुझा देवाजी


चांदा
२५ नोव्हेंबर १९५४

चि. देवाजीस,
आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. फॉर्म भरला नाही. भरणारही नाही. एक्कावन्न साली गणितात सव्वीस मार्क पडले, त्रेपन्न साली बावीस. तेहतीस लागतात. म्हणजे मी पुढे जायचं सोडून मागे चालले आहे, एवढं गणित मलाही येतं. एकोणचाळीस वर्षांची बाई मी. मी ज्यांची शेंबडी नाकं पुसली त्या पोरी आता मॅट्रिकला आल्या, त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून मी पेन चावू? जूनमध्ये काढलं तर शिवणाचं मशीन चालवीन. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा मेले नाही, आताही मरणार नाही.

तू तिथे रानात बसून मला उपदेश करतोस याचं मात्र हसू येतं. दिवाळीला आलास तेव्हा माडीचा जिना चढून वर आलास आणि पाच मिनिटं कठड्याला धरून उभा होतास. सदऱ्याची खालची गुंडी लागत नव्हती. तर मीही तुला एक सांगते. ज्या दिवशी तू ते तेरा मैल पळशील, त्या दिवशी मी फॉर्म भरीन. झालं समाधान?

तुझ्या त्या दसरूचं काही मला पटलं नाही. अठरा वर्षं एका झाडापर्यंत जायचं, आणि पुढे काय आहे ते बघावंसं वाटू नये? पायांचं कौतुक राहू दे, माणूस भित्रा दिसतो.

मांजरीची पिल्लं चार आहेत. तुझ्या शाळेत उंदीर असतील तर दोन पाठवू का?

तुझी शकुबाई


कोरेपल्ली
१२ डिसेंबर १९५४

ती. शकुबाई,
नमस्कार.

पैज घेतली! तुझं पत्र मी बेहड्याखाली दसरू आणि जंगूला वाचून दाखवलं. दोघे साक्षीदार आहेत. दसरूने मला वरून खाली पाहिलं, माझ्या पोटाशी त्याची नजर जरा जास्त थांबली, आणि म्हणाला, "मास्तर, बाईले फारम भराच नाई वाट्टे." मग फार वेळ हसत होता.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे जंगू माझ्या दारात उभा. पहिल्या दिवशी मी गावाच्या वेशीपर्यंत पळालो आणि तिथल्या दगडावर बसलो. शाळेतली मुलं पाहत होती. दुसऱ्या दिवशी दगडाच्या पुढे नाल्यापर्यंत. आता दोन आठवडे होत आले, मी अधूनमधून चालत का होईना, बेहड्यापर्यंत जातो. जंगू थैली घेऊन माझ्या पुढे सहज पळतो आणि मागे न बघता मला शिकवतो. त्याचं मराठी थोडं आणि सरळ आहे. "मास्तर, तू रस्ता नको पाहू. पाय पाहते रस्ता. तू वर पाहा." वर पाहिलं की सागाच्या पानांतून उजेड खाली येत असतो. खरंच सांगतो, मी ह्या रानात दोन वर्षं राहिलो आणि ते मला आता दिसायला लागलं.

परवा सकाळी जंगू एकदम थांबला. वाटेच्या मातीत वाघाचा पंजा उमटला होता, माझ्या दोन्ही तळव्यांएवढा, कडेची माती अजून ओली. जंगूने काठी दोनदा आपटली, घुंगरं वाजवली, हात जोडून "जोहार" म्हणाला आणि मला घेऊन वाटेच्या कडेला उभा राहिला. आम्हाला काहीच दिसलं नाही. फक्त झाडांवरची माकडं ओरडत होती, आणि तो ओरडा हळूहळू एका झाडावरून पुढच्या झाडावर, नाल्याकडे सरकत गेला. त्या ओरड्याखालून तो चालत होता. जंगू कुजबुजला, "त्याचा टप्पा. तो गेला का आपण जाऊ." भीती वाटली, पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, त्याला मला शब्द सापडत नाही. देवळातही कधी असा उभा राहिलो नव्हतो.

दसरूला भित्रा म्हणू नकोस. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, माहा बापबी हरकारा होता, याच टप्प्यावर. त्यानं मले पयल्या दिवशी इथी आणलं अन् सांगतलं, झाड आलं का आपलं सरलं. पुढचा रस्ता दुसऱ्याच्या इमानाचा. त्याच्यावर पाय ठेवला तर तो म्हणन, माह्यावर भरोसा नाई का?" मी म्हटलं, जंगू स्वतः बोलावतो आहे की! तर म्हणाला, "बोलावते. पण काऊन जाऊ? डाक तर जाते ना?"

शर्यतीचं काय करशील, असं विचारलं. म्हणाला, "शर्यतीचं शर्यतीले पाहू."

फॉर्म काढून ठेव.

तुझा देवाजी


चांदा
३० डिसेंबर १९५४

चि. देवाजीस,
आशीर्वाद.

पैज मोडली. मी मोडली. थट्टेत लिहिलेलं वाक्य तू साक्षीदारांपुढे वाचतोस काय, वाघाच्या वाटेवर पळतोस काय! नऊ वर्षांचा असताना तुला न्यूमोनिया झाला होता, ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. सात दिवस तुझ्या छातीतून आवाज येत होता आणि मी तो ऐकत बसले होते. आईबाप नाहीत, नवरा नाही, तू एक आहेस. तेरा मैल पळून तुला काही झालं तर मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन मी काय करू? ते काही नाही. त्या दिवशी साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बस, कोट घाल, हार घाल. शाळा तुझी आहे, उद्घाटनाला तू तिथे हवास.

जिन्यावरून तुला बोलले ते मनाला लावून घेतलंस का? मी उगाच बोलते, तुला माहीत आहे.

दसरूला भित्रा म्हटलं ते परत घेते. का, ते विचारू नकोस.

छातीला तेल लावत जा.

तुझी शकुबाई


कोरेपल्ली
२६ जानेवारी १९५५

ती. शकुबाई,
नमस्कार.

दुपारचे दोन वाजले आहेत. पाय पाण्याच्या बादलीत आहेत आणि पाटी मांडीवर घेऊन तिच्यावर लिहितो आहे. तुझं पैज मोडल्याचं पत्र मिळालं होतं. मी ते साक्षीदारांना वाचून दाखवलं नाही.

सगळं क्रमाने सांगतो, कारण मला स्वतःलाच ते पुन्हा एकदा नीट पाहायचं आहे.

आम्ही एकोणीसजण होतो. जंगू आणि मी आदल्या दिवशीच अहेरीला जाऊन दसरूकडे उतरलो. सकाळी सहाला शिट्टी झाली. धुकं इतकं की पुढच्याची पाठही दिसेना. दसरूने हातात काठी घेतली होती, थैली नव्हती. घुंगरांचा आवाज धुक्यात शिरला आणि बघता बघता ऐकू येईनासा झाला. जंगलखात्याचे तरणे गार्ड त्याच्यामागे सुटले, जंगू त्यांच्यामागे. मैलभरात मी एकटा उरलो.

तिसऱ्या मैलावर धुकं निवळलं आणि दहिवराने भरलेली सगळी झाडं एकाच वेळी उजळली. मी मोठ्याने "अरे!" म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं. चौथ्या मैलावर कॅनव्हासचे बूट चावायला लागले, ते काढून गळ्यात अडकवले. पाचव्यावर कुशीत कळ आली. सहाव्यावर मी ठरवलं की बस झालं. बेहड्याखाली बसायचं, मागून येणाऱ्या बैलगाडीत चढायचं आणि तुला लिहायचं, बाई, तू म्हणालीस म्हणून पैज मोडली. तुझं पत्र कामाला येणार म्हणून बरंसुद्धा वाटलं. काय लपवू?

बेहड्याशी पोचलो तर खाली दसरू बसला होता. शेजारी जंगू.

मला वाटलं, कुणाला काही लागलं. तर नाही. दसरू सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ मैलभर पुढे होता. बेहडा आला आणि तो थांबला. काठी झाडाला टेकवली, रोजच्या जागी बसला आणि तंबाखू काढली. मागून गार्ड आले, ओरडले, "बुढ्या, शर्यत पुढं आहे!" आणि हसत निघून गेले. मग जंगू आला. त्याने दसरूला हाताला धरून ओढलं, दसरू उठेना. तेव्हा जंगूही खाली बसला. त्याला सोडून पुढे जाणं जंगूला जमलं नाही. मी येईपर्यंत जवळपास तासभर दोघे बसून होते.

"मास्तर," दसरू म्हणाला, "पाय उचलून राह्यलो, उचलत नाई." आणि मी पाहिलं, त्याचे पाय थरथरत होते. ज्या पायांनी सत्तर हजार मैल काढले ते हातभर वाटेपुढे थरथरत होते, शकुबाई. मी माझी कळ विसरलो. त्याच्या समोर तसाच मातीत बसलो. त्याला काय सांगायचं ते मला कळेना. मी शाळामास्तर, मला सगळ्याला उत्तर देण्याची सवय.

सांगितलं ते जंगूने. तो म्हणाला, "दादा, आज थैली नाई ना?"

"नाई."

"मंग आज तूच डाक. बेहड्यापासून डाक कोण नेते?"

दसरूने जंगूकडे बोट केलं.

"मी नेतो," जंगू म्हणाला. "अठरा साल झाले. एक दिवस डाक इथी पडली का? आजबी नाई पडत. उठ."

दसरूने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मास्तर, हे कायद्यात बसते का?"

मी म्हटलं, "बसते."

"अन् तुमी?"

जंगू म्हणाला, "मास्तर पारसल."

दसरू उठला. काठी त्याने जंगूच्या हातात दिली, रोज थैली देतो तशीच, दोन्ही हातांनी. मग जंगूने त्याचं मनगट धरलं आणि दसरूने बेहड्याच्या सावलीपलीकडे पाय टाकला. डोळे मिटूनच टाकला. चार पावलं गेल्यावर डोळे उघडले. मागे वळून झाडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "इकडून अस्सं दिसते व्हय हे झाड!" अठरा वर्षं त्याने त्या झाडाची एकच बाजू पाहिली होती.

आता तिथून बैलगाडीत कोण बसणार? मी त्यांच्यामागे निघालो.

पुढचे साडेसहा मैल आम्ही पळालो, चाललो आणि उभे राहिलो. दसरू उभा करायचा. नाला आला की उभा. मोठा कातळ आला की उभा. "हे रोज पाह्यतं तू?" असं जंगूला विचारायचा, जणू जंगूने ते त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. मला ती वाट पाठ झाली होती. त्याच्याबरोबर मीही ती पहिल्यांदा पाहिली. माझी कळ केव्हा गेली ते आठवत नाही. शेवटचे दोन मैल आम्ही तिघे पळालो, एकदाही न थांबता. मी पळत होतो, शकुबाई, आणि मला हलकं वाटत होतं.

उद्घाटन कधीच उरकलं होतं. झेंडा लागला होता, साहेबांचं भाषण झालं होतं, एका गार्डला कप मिळाला होता आणि "शाळेचे शिक्षक कुठे आहेत?" असं साहेबांनी तीनदा विचारलं होतं म्हणे. माझ्या शाळेचं उद्घाटन माझ्याशिवाय झालं. साहेब आता माझ्याकडे बघूनच घेतील.

पण गाव थांबलं होतं. जंगू अठरा वर्षं रोज संध्याकाळी घरी जाऊन सांगत आला होता, दसरू आज काय बोलला, दसरूचा गुडघा दुखतो, दसरूला नातू झाला. कोरेपल्लीत शेंबड्या पोरालासुद्धा दसरू माहीत. कप घेतलेला गार्ड बाजूलाच राहिला आणि लोक "दसरूदादा, दसरूदादा" करत ह्याच्याभोवती. जंगूची म्हातारी आई सोमारी काठी टेकत आली. तिचा धाकटा मुलगा पलटणीत आहे, त्याची पत्रं येतात. ती खाली वाकली आणि दसरूच्या पोटऱ्या चाचपू लागली. गोंडीत काहीतरी म्हणाली. जंगूने सांगितलं, "आई म्हणते, माहा पोरगा याच पायांनी घरी येते." दसरू लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

मी तेरा मैल पुरे केले, वेळ तीन तास पस्तीस मिनिटं. पण खरं तेच सांगतो: मध्ये बराच चाललो, आणि बसलोही. अट पळायची होती. मोडली की पाळली, ते तू ठरव. हे पत्र उद्या जंगू नेईल, बेहड्याशी दसरू घेईल. एकतीसच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे, एवढं मी दोघांना सांगितलं आहे. दसरू म्हणाला, "आमच्या टप्प्यात उशीर नाई होणार. पुढं मोटरीचं काय ते मोटर जाणे."

तुझा देवाजी


चांदा
३१ जानेवारी १९५५, सोमवार

चि. देवाजीस,
आशीर्वाद.

मोटारीने उशीर केला. तुझं पत्र आज दुपारी पावणेतीनला शाळेत माझ्या हातात पडलं. मुली पाढे लिहीत होत्या. मी उभ्याने वाचलं. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. पहिलीतली एक पोर जवळ येऊन म्हणाली, "बाई, रडून राह्यल्या का?" मी म्हटलं, डोळ्यात खडू गेला.

तुला एक सांगायचं आहे. नंतर रागाव.

एक्कावन्न साली मी गणितात नापास झाले, ते खरं. त्रेपन्न साली झाले नाही. कारण त्रेपन्न साली मी पेपरला बसलेच नाही. बाकीचे पेपर दिले. गणिताच्या दिवशी हायस्कुलाच्या फाटकापर्यंत गेले. हातात दौत होती, टाक होता, हॉलतिकीट होतं. आत मुली हसत चालल्या होत्या. आणि देवाजी, पाय उचलेना. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली मी घंटा होईपर्यंत उभी राहिले, आणि घरी आले. तुला आणि सगळ्यांना सांगितलं, बावीस मार्क पडले. मार्कसुद्धा मीच ठरवले. फार कमी सांगितले तर कुणी विचारील, तेहतीसच्या फार जवळ सांगितले तर पुन्हा बस म्हणतील, म्हणून बावीस.

दसरूला मी भित्रा म्हटलं होतं. तू त्याचं म्हणणं कळवलंस तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्याला निदान इमान तरी होतं. मला तर नुसती भीती होती.

हेडबाईंनी सही करून दिलेला फॉर्म ऑक्टोबरपासून टेबलाच्या खणात पडला होता. तो बाहेर काढला, भरला आणि घड्याळ पाहिलं तर साडेतीन. हायस्कुलाची कचेरी चारला बंद. वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवला आणि निघाले. जटपुरा दरवाज्यापर्यंत चालले, मग जीव राहीना. पदर खोचला आणि पळाले. एकोणचाळीस वर्षांची मास्तरीणबाई भर रस्त्यातून पळते आहे म्हटल्यावर पानवाला टपरीतून बाहेर आला. कुणीतरी ओरडलं, "बाई, कुठी आग लागली?" मी म्हटलं, लागली नाही, लावायला चालले आहे! असलं काहीतरी तोंडातून गेलं खरं. कारकून कपाटाला कुलूप लावत होता. मी धापा टाकत फॉर्म नुसता पुढे केला. त्याने मला पाणी दिलं आणि शिक्का मारला.

अट पाळली गेली असं मी ठरवलं आहे. तू बसलास तो दसरूपाशी बसलास, ते धरत नाही.

तुझी शकुबाई


कोरेपल्ली
२० मार्च १९५५

ती. शकुबाई,
नमस्कार.

रागावलो नाही. त्या कडुनिंबाखाली तू एकटी उभी होतीस आणि मला कळवलंही नाहीस, एवढंच लागलं.

तू सोडवलेली काळ-काम-वेगाची गणितं मिळाली. नऊपैकी सात बरोबर. चुकलेली दोन उलट टपाली पाठवतो आहे, नवी दहा सोबत आहेत. दसरूला आता लिफाफ्यावरचं तुझं अक्षर ओळखू येतं. थैली देताना तो जंगूला आधी तेच सांगतो, "बाईचं गणित आलं." जंगू मला विचारतो किती बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी बेहड्याशी जाऊन दसरूला सांगतो. सात ऐकून दसरू म्हणाला, "मांगच्या खेपेले पाच होते."

होळीला दसरू बायकोला घेऊन आला होता. जंगूच्या अंगणात चार दिवस राहिला. आता ह्या दोघांच्या डोक्यात आहे की पुढल्या जानेवारीत शर्यत जाऊन-येऊन सव्वीस मैल करायची. मला विचारलं, तर मी "हो" म्हणून बसलो. माझं मला नवल वाटतं.

पेपरला जाशील तेव्हा फाटकापाशी थांबू नकोस, हे मी लिहिणार नव्हतो. लिहिलं.

तुझा देवाजी


चांदा
१८ जून १९५५

चि. देवाजीस,
आशीर्वाद.

काल निकाल लागला. मी पास झाले. गणितात अडतीस. हे मार्क खरे आहेत, वर्तमानपत्रात नंबर आहे आणि हेडबाईंच्या टेबलावर कागद आहे.

एप्रिलमध्ये तुला नुसतं "पेपर दिला" असं कार्ड टाकलं होतं. निकालाआधी जास्त काही लिहायचा धीर झाला नाही. आज सांगते. मी फाटकापाशी थांबले. तुझं पत्र, ती सगळी गणितं, सगळं डोक्यात होतं आणि पाय पुन्हा तसेच झाले. तेवढ्यात मागून कुणीतरी पदर ओढला. रुखमा. चव्वेचाळीस साली माझ्या वर्गात होती, तिचा हात धरून मी ग काढायला शिकवला होता. पोर पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "बाई, मले लय भेव लागून राह्यलं. तुमी पुढं व्हा ना, मी तुमच्या मागं येतो." ज्या पोरींसमोर बसायची मला लाज वाटत होती, त्यातलीच ती. तिला काय सांगणार, मलाही भीती वाटते म्हणून? मी म्हटलं, चल. आणि मी पुढे झाले. पाय उचलले तेव्हा मला कळलंही नाही.

तीन तास मी त्या बाकावर बसले. आठपैकी पाच गणितं सोडवली. तिसरं गणित सुटलं तेव्हा मला एवढं नवल वाटलं की मी आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. ती आकड्यांची ओळ खाली उतरत उतरत बरोबर उत्तरापाशी येऊन उभी राहिली होती. हे इतकं सुंदर असतं, हे मला इतकी वर्षं कुणीच का सांगितलं नाही, देवाजी? का सांगितलं होतं आणि मीच ऐकलं नाही?

रुखमाही पास झाली. मला नमस्कार करायला आली तेव्हा मी तिला नीट नमस्कार करू दिला नाही, आधी पोटाशी धरली. माझ्या मागून आली असं ती आईला सांगत होती. खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आज सकाळी हेडबाईंनी बोलावलं. नोकरी पक्की, वर चौथीचा वर्ग देते म्हणाल्या. मग विचारलं, "शकुबाई, विषय कुठला घ्याल? मराठी ठेवू ना तुमच्याकडे?" मी त्या चौथीच्या वर्गावरून रोज जाते. मागच्या बाकावर तीन पोरी बसतात. गणिताचा तास लागला की तिघी माना खाली घालून पाटीच्या कोपऱ्यात फुलं काढतात, मास्तरणीची नजर आपल्यावर येऊ नये म्हणून. मला त्या नावानिशी माहीत आहेत.

मी म्हटलं, "गणित द्या."

तुझी शकुबाई